युद्धकैदी आजोबा-पणजोबांचा शोध : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलटणीत माणूस गेला नाही असं गाव आपल्या दोन जिल्ह्यांत क्वचितच सापडेल. त्यातले काही शत्रूच्या हाती लागले. कुणी दोन-चार वर्षांनी घरी परतला, कुणाची नुसती तार आली, कुणाची तीही नाही. अशा माणसाचा माग काढणाऱ्या नातवंडा-पतवंडांकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. भर दोन महायुद्धांवर आहे.

पणजोबा ‘बसऱ्याला गेले आणि तुर्कांच्या कैदेत पडले’ एवढंच घरात ऐकलंय. सुरुवात कुठून करू?

नावापासून करू नका. बहुतेकांची गाडी इथंच अडते. गणपत जाधव, रामा शिंदे, सखाराम पवार ही नावं एकेका पलटणीत कितीतरी असायची आणि पलटणीच्या कारकुनाला माणूस ओळखू यायचा तो नंबरावरून. त्यामुळं आधी दोन गोष्टी हुडकायच्या : पलटण कुठली आणि नंबर काय. या दोन हाती आल्या की नाव कसंही लिहिलेलं असलं तरी माणूस सापडतो. नुसतं नाव घेऊन इंटरनेटवर बसलात तर भलत्याच माणसाला पणजोबा मानून बसाल.

नंबर मिळायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे मेडल. त्याचं तोंड नव्हे, काठ बघा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. मेडल खिडकीशी न्या, तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा आणि कडेचे सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. झिजलेली अक्षरंही सावलीमुळं वाचता येतात. चिंच नको, पितांबरी नको. दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर घासून घासून कितीतरी नंबर गुळगुळीत झालेत. मेडल चांदीचं नसून ब्रॉंझचं निघालं तर पणजोबा बहुधा मजूर पलटणीत किंवा तशाच बिगरलढाऊ कामावर होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची पदकं कोरी दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नाव-नंबर घातलेले असतात. तेव्हा ती ‘साधीच आहेत’ म्हणून बाजूला टाकू नका.

मेडलं केव्हाच मोडीत गेली. मग?

मग ट्रंका उपसा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोची मागची बाजू. छावणीतून आलेलं एखादं कार्ड मिळालं तर नशीबच. अशा कार्डावर मजकूर चार ओळींचा आणि बेतास बात असतो, ‘मी खुशाल आहे, काळजी करू नये’ छापाचा, कारण सेन्सॉर वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. तुमच्या कामाचा मजकूर शिक्क्यांत आहे. इटलीतल्या छावणीचा उल्लेख ‘पी. जी.’ आणि पुढं आकडा असा येतो, जर्मनीतल्या छावणीचा ‘स्टालाग’ आणि आकडा असा. जर्मन छावणीत कैद्याला पत्र्याचा आडवा बिल्लाही मिळायचा. मधोमध भोकांची रेघ, दोन्ही अर्ध्यांवर तोच नंबर. माणूस गेला की अर्धा तोडून घ्यायचा आणि अर्धा त्याच्याबरोबर ठेवायचा, अशी ती सोय. अख्खा बिल्ला घरात असेल तर आजोबा जिवंत परतल्याचा तो पुरावा आहे. मात्र त्यावरचा नंबर कैदी म्हणून मिळालेला आहे, पलटणीतला नव्हे. दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवा.

गावात आणि तालुक्याला काय मिळू शकतं?

अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत ब्रिटिशांनी बसवलेली पाटी आहे : या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. तिच्यावर नावं नसतात, नुसते आकडे. तरीही ती वाचा, कारण आकडा लहान असेल तर बाकीची घरं शोधणं सोपं जातं आणि त्या घरांतली मेडलं तुमच्या पणजोबांची पलटण सांगू शकतात. एका गावातले, एका भावकीतले लोक बहुधा एकाच पलटणीत भरती व्हायचे. अपशिंगे मिलिटरीची गोष्ट जिल्ह्याला ठाऊक आहेच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, बऱ्याच मोडी लिपीत. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. त्याहून उपयोगी म्हणजे जुने फेरफार. बेपत्ता शिपायाच्या जमिनीला वारस लावताना तलाठ्याला कारण लिहावं लागायचं : ‘लढाईवर मयत’, ‘सात वर्षे ठावठिकाणा नाही’ वगैरे. सात वर्षं खबर नसलेला माणूस मेला असं धरता येतं, असा कायदा होता. म्हणून वारसनोंदीचं साल हे मृत्यूचं साल समजू नका. त्या मधल्या वर्षांत घरातल्या बाईनं कुंकू लावायचं की पुसायचं यावर भावकीत काय काय झालं असेल, ते कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नाही.

साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. आजोबा किंवा आजी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचं राज्य सरकारचं मानधन घेत असतील तर त्या प्रकरणात नंबर असणारच.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. पण सांगली टाकून शोधलं तर काहीच येत नाही.

येणार कसं? तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं २१ नोव्हेंबर १९६० ला. त्यामुळं वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर इकडच्या शिपायापुढं दोन्ही महायुद्धांच्या कागदांत ‘सातारा’ असंच लिहिलेलं आहे. संस्थानी मुलखाचं प्रकरण आणखी वेगळं. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, आटपाडी औंध संस्थानात होतं आणि आज साताऱ्यात असलेलं फलटण हे स्वतंत्र संस्थान. तिथला माणूस इंग्रजांच्याच पलटणीत भरती झाला तरी त्याच्या पत्त्यात जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव असू शकतं. सातारा, संस्थान आणि तालुका असे तिन्ही शब्द टाकून बघा.

पहिल्या महायुद्धात आपले लोक तुर्कांच्या हाती कसे लागले?

कूट-अल-अमाराला. हे गाव आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणात आहे. बगदाद घ्यायला निघालेली जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन, जी पुणे डिव्हिजन म्हणूनच ओळखली जायची, मार खाऊन तिथं मागं आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिला वेढलं. सोडवायला आलेल्या फौजेला वाट काढता आली नाही. अन्न संपत गेलं. घोडे कापून खायची पाळी आली आणि भारतीय शिपायांपैकी पुष्कळांनी धर्मासाठी ते मांस बरेच दिवस शिवलंसुद्धा नाही. हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही त्यांच्यात पसरला त्याचं हे एक कारण. २९ एप्रिल १९१६ ला कूट पडलं. नोकर-चाकर, भिस्ती, खेचरवाले धरून सुमारे १३,००० माणसं कैद झाली.

त्यांत आपल्या तीन पलटणी होत्या : १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा. शिवाय खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, कंपन्या. तुमच्या मेडलवर यातला आकडा असेल तर कूटचा संशय धरायला जागा आहे. नुसता संशयच, कारण जखमी होऊन आधीच परत पाठवलेले किंवा नंतर भरती झालेले लोकही त्याच आकड्याचे. उलट मेडल १०५, ११४ किंवा ११६ चं असेल तर या पलटणी कूटच्या वेढ्यात नव्हत्या. ‘बसऱ्याला होते’ म्हणजे ‘कैदेत होते’ असं नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेला जवळजवळ प्रत्येक जण बसऱ्यालाच उतरला होता.

कैद्यांना कूटहून बगदाद, तिथून समारा, मोसुल, निसिबिन आणि पुढं रास-अल-ऐन असं बहुतांश पायी चालवत नेलं. ऐन उन्हाळा, आधीच अर्धपोटी शरीरं, वाटेत हगवण. रास-अल-ऐनला भारतीय कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. म्हणून घरात ‘पणजोबांनी तुर्कांची रेल्वे बांधली’ अशी गोष्ट चालत आली असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. ३० ऑक्टोबर १९१८ च्या शस्त्रसंधीनंतर वाचलेले लोक हळूहळू परत आले.

जर्मनीतही भारतीय कैदी होते ना?

होते. १९१४ पासून फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले, संख्येनं थोडे. त्यांना बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या ‘अर्धचंद्र’ छावणीत ठेवलं होतं. तिथं जर्मन अभ्यासकांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. ते आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. जवळच त्सेरेन्सडॉर्फला २०६ भारतीयांची दफनभूमी आहे. आपल्याकडचा माणूस तिथं निघालाच तर तो बहुधा सॅपर्स किंवा पायोनियर पलटणीतला असेल.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत कैदेत होते म्हणतात. लढले मात्र आफ्रिकेत. हे कसं?

अगदी बरोबर जुळतं. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक जर्मन सेनापती रोमेलनं घेतलं. तिथं अकराव्या इंडियन ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती, ती सापडली. उत्तर आफ्रिकेतले कैदी इटलीच्या ताब्यात दिले जायचे आणि जहाजानं पलीकडं न्यायचे. मध्य इटलीत आवेझानोला भारतीयांची मोठी छावणी होती, पी. जी. ९१. लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडाकडून भारतीय कैद्यांसाठी वेगळी पार्सलं भरली जायची, त्यामुळं ‘छावणीत डाळ मिळायची’ हे आजोबांचं म्हणणं थाप नव्हे.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं ठेवल्याचं जाहीर झालं आणि इथून वाटा फुटल्या. काही जण पहारा ढिला पडताच निसटले, डोंगरातल्या शेतकऱ्यांकडं लपले. काही आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडला पोचले. उरलेल्यांना जर्मनांनी मालगाडीत कोंबून उत्तरेला नेलं, कुणाला जर्मनीत आनाबुर्गला, कुणाला फ्रान्समध्ये एपिनालला. ११ मे १९४४ ला एपिनालच्या छावणीवर दोस्तांच्याच विमानांचे बॉम्ब पडले. त्या गोंधळात शेकडो भारतीय कैदी बाहेर पडून स्विस हद्दीकडं गेले. तेव्हा एकाच माणसाच्या कागदांत तीन-तीन देश दिसले तर नोंद चुकली असं समजू नका. प्रत्येक देशातली नोंद सुटी शोधावी लागते.

सिंगापूरला पकडले गेले म्हणजे आझाद हिंद सेनेत होते का?

सगळे नव्हते. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं आणि १७ तारखेला तिथल्या फॅरर पार्क मैदानावर भारतीय सैनिकांना जपान्यांच्या हवाली केलं गेलं. त्यातले पुष्कळ आझाद हिंद सेनेत गेले, पुष्कळ गेले नाहीत. न गेलेल्यांतल्या अनेकांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला पाठवलं. मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन मलायात नव्हती. आपल्याकडचे जे होते ते मुख्यतः पुरवठा, दवाखाना, इंजिनिअर असल्या खात्यांतले, तेव्हा बेळगावला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला, विचारण्याआधी खातं कुठलं ते पक्कं करा. आझाद हिंदच्या फाइली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्याचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं.

जर्मनीतही असाच फाटा होता. आनाबुर्गच्या कैद्यांतून सुभाषबाबूंच्या लोकांनी भरती केली आणि सुमारे तीन हजारांची हिंदी पलटण उभी राहिली.

कैदेतून आलेले आजोबा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. काही लपवत होते का?

लगेच तसं धरू नका. परतलेल्या भारतीय कैद्यांची इंग्रजांनी चौकशी केली आणि त्यांना ‘पांढरे’, ‘करडे’ आणि ‘काळे’ अशा तीन रंगांत वाटलं. शत्रूच्या बाजूला गेला नाही तो पांढरा, पुरता गेला तो काळा, मधला करडा. कैदेत गेलेला पगार मिळणार की बुडणार, नोकरी राहणार की जाणार, हे त्या रंगावर ठरलं. जो निर्दोष सुटला त्यालाही आपल्या बराकीतल्या मित्राविरुद्ध तोंड उघडावं लागलं असेल. अशा माणसानं गावात आल्यावर गप्प बसणं पसंत केलं तर नवल नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही उत्तरांची तयारी ठेवूनच फाइल उघडा, आणि आजोबा ‘काळे’ निघाले तर १९४५ च्या इंग्रज अधिकाऱ्याच्या चष्म्यातून त्यांच्याकडं बघू नका.

आजोबा १९४३ ला ‘कैदेत होते’ हे नक्की. पण कुठल्याच युद्धकैद्यांच्या यादीत नाहीत.

आपल्या भागात हे फार होतं. १९४३ साली सातारा जिल्ह्यात कैद म्हटलं की दोन अर्थ निघतात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार जोरात होतं, २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. आजोबा पलटणीत नसून येरवड्याला किंवा विसापूरला असतील. त्याचे कागद लष्कराकडं नसतात. जिल्हाधिकारी कार्यालयातली स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं आणि तुरुंगाची रजिस्टरं बघा. एक भाऊ तोब्रुकला आणि दुसरा भूमिगत, अशीही घरं होती, आणि दोघांच्या गोष्टी नातवंडांच्या तोंडी एक होऊन जातात.

जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडं नावं असतात म्हणे?

असतात. दोन्ही युद्धांत कैद्यांच्या याद्या तिथं जमा व्हायच्या. पहिल्या महायुद्धाची कार्डं आणि याद्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं २०१४ मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या. कार्डावर एक सांकेतिक क्रमांक असतो, त्यावरून मूळ यादीचं पान उघडायचं. नुसतं कार्ड बघून थांबू नका, खरी माहिती यादीत असते. आडनावावरून नाही सापडलं तर पहिल्या नावावरून बघा. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांच्या अभिलेखागाराला ऑनलाइन अर्ज करावा लागतो. ते ठरावीक मुदतीत ठरावीकच अर्ज घेतात, त्यामुळं खिडकी उघडली की लगेच भरा. पैसे लागत नाहीत. ‘जिनिव्हाहून काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला वाट दाखवा.

नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल?

जसं कारकुनाला ऐकू आलं तसं. पवारांचे पोवार, साळुंख्यांचे सालुंके, जाधवांचे जाधो. गावांचंही तेच. ‘ळ’ चा ‘ल’ होणारच. पाच-सहा स्पेलिंगं आधी कागदावर लिहून घ्या आणि एकेक खोडत जा.

पणजोबा परत आलेच नाहीत. थडगं कुठं असेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत गेलेल्यांच्या नोंदी तिथं आहेत, त्याही फुकट. जादा माहितीच्या रकान्यात ‘सातारा’ टाकून बघा, बऱ्याच नोंदींत आईवडिलांची नावं आणि गाव असतं. तुर्कांच्या कैदेत गेलेल्या हिंदू शिपायाचं थडगं मिळण्याची शक्यता कमी, नाव बसऱ्याच्या स्मारकाखाली मिळतं. तिथल्या दगडावर मात्र भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत. अधिकाऱ्यांची आहेत, शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. आपल्या गावच्या पाटीसारखंच. सिंगापूरकडच्यांची नावं क्रांजीच्या स्मारकावर आहेत.

पंजाबातल्या सैनिकांची मोठी यादी निघाली होती, तीत बघू का?

नको. २०२१ ला खुली झालेली ती रजिस्टरं पंजाबचीच आहेत.

शोधातून काही पैसे किंवा पेन्शन मिळेल का?

नातवंडांना नाही. दुसऱ्या महायुद्धाचं मानधन सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला असतं.

बेळगावला पत्र पाठवलं, ‘कागदपत्रं नष्ट केली आहेत’ असं उत्तर आलं. संपलं का?

नाही. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा लष्कराचा नियम आहे, त्यामुळं उत्तर खरंही असेल. पण नष्ट होतो तो ‘शीट रोल’, म्हणजे एकेका शिपायाच्या नोकरीची सविस्तर नोंद. ‘लाँग रोल’ म्हणजे भरती झालेल्यांचं मोठं रजिस्टर, ते ठेवलेलं असतं. त्यात ओळ एकच असते, पण तिच्यात भरतीची तारीख, गाव, बापाचं नाव आणि नोकरी कशी संपली एवढं मिळून जातं. म्हणून अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. लाँग रोलचा उतारा मागा. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड आणि महार रेजिमेंटसाठी सागर, असं ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं.

इंग्रजी जमत नाही. अर्ज कसा लिहू?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. बेळगाव किंवा सागरला धाडायचा असेल तर हिंदीत करून घ्या. फी दहा रुपये. मजकूर साधारण असा ठेवा :

‘माझे आजोबा शिपाई (नाव), नंबर (…), पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, दुसरी बटालियन, मूळ गाव (…), तेव्हाचा जिल्हा सातारा, हे जून १९४२ मध्ये तोब्रुक येथे युद्धकैदी झाले असे समजते. त्यांच्या लाँग रोलमधील नोंदीची प्रत मिळावी. शीट रोल उपलब्ध असल्यास त्याची प्रत मिळावी. नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाची तारीख कळवावी. ही माहिती २० वर्षांहून जुनी असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(३) लागू होते. मी त्यांचा नातू असून नात्याचा पुरावा सोबत जोडला आहे.’

स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयाच्या अपील अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करा.